समोरचा उमेदवार

ज्या माणसाला मला पाडायचं होतं, त्याने पहिल्याच भेटीत माझ्याकडे मत मागितलं!

काटोलच्या शाळेत मधली सुट्टी व्हायची होती. नागपूरहून प्रचारालाच आलेली मी शिक्षकांच्या खोलीत एकटीच बसले होते. तेवढ्यात तो आत आला... केसांत बसची धूळ, चुरगळलेला सदरा.

"नमस्कार बाई. मी मनोहर कडू. राज्य शिक्षण मंडळावर शिक्षकांचा प्रतिनिधी म्हणून उभा आहो. तुमचं मत मलेच पाहिजे."

"काहून?"

मत का द्यायचं, असं कुणी विचारेल हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. तो गडबडला, मग हसला. काय गोड हसला मेला!

"समोर कोणी जयवंता मेश्राम आहेत. त्याईले नागपूरच्या बाहेरचं काही ठाऊक नाही म्हणते."

"जयवंता मेश्राम मीच."

"अरे बाप रे!" तो म्हणाला, आणि पळून जायचं सोडून खुर्ची ओढून समोरच बसला. "मग तुम्हीच सांगा बाई... मत कोणाले देऊ?"

मी का उभी आहे ते त्याला सांगितलं. मॅट्रिकच्या परीक्षेसाठी खेड्यातल्या मुलींना शहरात यावं लागे. राहायची सोय नाही म्हणून बाप त्यांना पाठवत नसत. माझी मावसबहीण शामला तशीच घरी बसली होती. परीक्षेचं केंद्र गावाजवळ यावं, एवढ्यासाठीच मला मंडळावर जायचं होतं. तो मन लावून ऐकत राहिला. समोरचा चहा गार झाला.

त्यानंतर प्रचाराला जाताना आम्ही बरेचदा एकाच बसमध्ये असायचो. तो संत्रं सोलून पुढे करायचा.

"विरोधकाचं संत्रं चालते का?"

"आंबट निघालं तर तक्रार करीन."

आंबट एकही निघालं नाही. मी त्याच्या प्रेमात पडले होते, आणि तेही ऐन प्रचारात! आमचं घर बौद्ध, त्याचं कुणब्याचं. त्या अंतराची मला फारशी भीती नव्हती. मला खटकली ती शाळाशाळांतून उठलेली कुजबुज. दोघांचं जमलं म्हणे, आता बाई बसणार. बसणार म्हणजे नाव मागे घेणार. माझं डोकंच फिरलं.

एका संध्याकाळी बसस्टँडवर तो अडखळत म्हणाला, "जयवंता, मले एक विचारायचं होतं..."

"मोजणीच्या आधी नाही. आता हो म्हटलं तर लोक म्हणतील, बाईनं लग्नासाठी निवडणूक सोडली. तुम्ही बसलात तर म्हणतील, त्यानं सोडली म्हणून जिंकली."

त्याने पिशवी खांद्यावर टाकली. मग म्हणाला, "मग मी जीव तोडून लढतो. तुमची जीत फुकटची नको."

आणि खरोखरच लढला. त्याची भाषणं ऐकून माझी झोप उडाली.

मोजणी झाली. थोडक्यात का होईना, मी निवडून आले! टाळ्या पडल्या आणि मग सभागृह एकदम चिडीचूप. तिथली रीत अशी की पहिला हार हरलेल्या उमेदवारानं घालायचा. पण आजवर बाई कधी निवडून आलीच नव्हती. मागे कुणीतरी फिसकन हसलं. मोजणीचे अधिकारी खाकरून म्हणाले, "कडू सर, हातात द्या."

मनोहर हार घेऊन माझ्यासमोर उभा राहिला. त्याचे कान लाल झाले होते. फक्त मलाच ऐकू येईल असं तो म्हणाला, "घालू...?"

माझी मान आपोआप झुकायला लागली होती. पण उद्या सगळीकडे आमच्या लग्नाचीच गोष्ट झाली असती, परीक्षेच्या केंद्राची कुणी केली नसती. मी मान वर केली आणि दोन्ही हात पुढे केले.

"आज हातात द्या. आज मी निवडून आली आहो."

त्याचा चेहरा पडला. त्याने हार माझ्या हातांत ठेवला.

"आणि गळ्यातला...?"

"रविवारी घरी या. आईसमोर विचारा. पण हार दोन आणा... मलेही घालायचा आहे."