वर चढलेली काजळी

छकुलीच्या हातून वाटी निसटली, फरशीवर घरंगळत गेली, आणि सकाळपासूनची घरातली शांतता मोडली. सारजानं वाटी उचलली. सासूनं, ठमाबाईनं, तिच्याकडे पाहिलंही नाही.

सासऱ्यांचा, म्हस्कूआबांचा, दहावा होऊन गेला होता. काही दिवसांपूर्वी एका पहाटे आबांनी स्वयंपाकघरात विडीसाठी काडी ओढली, भक्कन जाळ झाला, आणि ते दवाखान्यातून परत आलेच नाहीत. गॅसचं बटण सुनेनंच उघडं ठेवलं, असं ठमाबाईनं ठरवून टाकलं होतं. उद्या सारजानं माहेरी, काटेवाडीला निघायचं. तिची लेक छकुली इथंच, इंदापुरात राहणार.

म्हणून सारजाच्या भावानं बारामतीहून विजयसिंहांना आणलं होतं. खासगी तपासाची कामं घेणारा, कमी बोलणारा माणूस. सोबत जोतीराम, त्यांचा जाडजूड मदतनीस.

जोतीरामनं दारातूनच निकाल दिला. "सिलिंडर फुटला असणार, साहेब."

"तो आमी दुसऱ्याच दिशी भाईर काढला. घरात नको ती बला." ठमाबाईनं अंगणाकडे बोट केलं. कडबा कापताना ते बोट कधीच अर्धं झालेलं.

जोतीरामनं सिलिंडर उचलला आणि कण्हला. "धड हाय. आन भरल्याला हाय की."

"मावशी," विजयसिंहांनी विचारलं, "त्या पहाटे गॅसचा वास आला होता?"

"न्हाय बा."

"छकुली कुठं होती?"

"ह्यांच्या पायापाशी, वाकळंवर निजल्याली. केसालाबी धक्का न्हाय. बिरोबानं राखली."

विजयसिंहांनी मान वर केली. छत आणि भिंतीचा वरचा भाग काळाठिक्कर. खाली मात्र छकुलीनं खडूनं काढलेली कोंबडी तशीच दाणे टिपत होती. सारजाला वाटलं, हे आपणही रोज पाहत होतो.

घरामागं जुनी खाण होती. वर्षानुवर्षं कचऱ्यानं भरलेली, आता बंद करून मुरूम पसरलेली. तिच्यावर ठिकठिकाणी उभे पाइप. शेजारचे अप्पा तिथंच शेळ्या राखत होते.

"आतली वाफ जायला साहेब लोकांनी बसवल्यात पायपा," अप्पा म्हणाले. "लई वास मारायच्या. सारजाच्या नणंदंला, म्हाळसाला, बघायला पाहुणं आलं, त्याच्या आदल्या दिशीच वास थांबला. नशीब पोरीचं. पर दोनच दिसांनी आबा गेलं."

विजयसिंह पाइपांपाशी वाकले. तोंडं शेणमातीनं लिंपलेली, वर बोटांचे ठसे. तेवढ्यात जोतीरामचा पाय रुतला.

"ह्या नळाच्या चरात माती तरी दाबायची नीट," तो कुरकुरला.

पाण्याच्या नळासाठी नुकताच खणून बुजवलेला भुसभुशीत मुरमाचा तो चर खाणीच्या कडेनं थेट स्वयंपाकघरात शिरला होता.

संध्याकाळी विजयसिंहांनी सगळ्यांना स्वयंपाकघराच्या दाराशी बोलावलं. त्यांच्या हातात वायू मोजायचं, काट्याचं एक यंत्र होतं. नळ भिंतीतून आत येतो, त्या भोकाशी धरताच काटा सरकन वर गेला.

"सिलिंडर तेव्हापासून अंगणात आहे. मग हा वायू कुठला?"

विजयसिंहांनी काळ्या छताकडे बोट केलं.

"सिलिंडरचा वायू जड. तो जमिनीलगत बसतो. पेटला असता तर आधी छकुली होरपळली असती. त्याला वासही असतो. इथं जाळ वर झाला, आणि वास कुणालाच आला नाही. खाणीतला कचरा अजून कुजतोय. त्याचा वायू पाइपांतून निघून जायचा. तोंडं बंद झाली, तशी त्यानं आडवी वाट धरली, ह्या चराची. मातीतून येताना वास गाळला गेला. थंडीचं दार-खिडकी बंद, रात्रभर छताखाली साठत राहिला. आबांनी उभ्यानं काडी ओढली."

"आन तोंडं कुणी लिंपली?" जोतीरामनं विचारलं.

"ठशांत एक बोट आखूड आहे," विजयसिंह हळू आवाजात म्हणाले.

ठमाबाईनं हात पदराखाली घेतला. खाली बघत म्हणाली, "पोरीचं दोनदा मोडलं हुतं. पाहुण्यांच्या नाकाला वास नगं, म्हणून म्याच..."

"पाइप आत्ताच मोकळे करा. भिंतीजवळचा चर उघडा ठेवा, वायूला बाहेरच वाट मिळू दे. हा काटा हलायचा थांबेपर्यंत घरात काडी ओढायची नाही."

सारजाचा नवरा राम इतके दिवस मुका बसला होता. तो पहार घेऊन खाणीकडे निघाला. सारजाला त्याच्याकडे बघवलं नाही.

ठमाबाई उंबऱ्यावर तशीच बसून राहिली. सारजानं पाण्याचा तांब्या तिच्यापुढं ठेवला आणि जरा अंतरावर टेकली. छकुली तिच्या मांडीत शिरली, कानाशी कुजबुजली.

"आई, तू न्हाय ना जायाची आता? मग आजीला कुठं धाडायचं?"