कालमातचा वाटा

दुर्बिणी विकणाऱ्या फरहातने गाडीच्या मागच्या दारातून तीन दुर्बिणी काढल्या आणि तोलोमुशच्या अंगणात लोकरीच्या नमद्यावर मांडल्या. तिवईवर बसवून एका डोळ्याने बघायच्या, लांब पल्ल्याच्या. तोलोमुशच्या शिकारतळावर परदेशी पाहुणे रानबोकडासाठी येत. बोकड पुरता वयात आलाय की नाही, हे शिंगांचे कंगोरे मोजून आधी वाटाड्याने सांगायचं, मगच पाहुण्याने गोळी झाडायची. त्यामुळे दुर्बीण चांगली नसेल तर सगळा हंगाम वाया जायचा.

"तूच पारख बाबा," तोलोमुश त्याच्या वाटाड्याला, एसेनकुलला म्हणाला. "आधीची तुझ्याच भावाने लांबवली ना!"

हे तो हसत हसत म्हणाला. एसेनकुलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याचा थोरला भाऊ कालमात गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर समोरच्या कड्यावर टेहळणीला बसला होता. त्या रात्री बर्फ पडलं आणि तो खाली आलाच नाही. शोधायला गेलेल्यांना ना माणूस सापडला, ना त्याच्याजवळची दुर्बीण. तोलोमुशने लगेच गावभर केलं, की गडी दुर्बीण विकून रशियाला पळाला. आणि लोकांनी ते मानलं! ज्याने उभ्या आयुष्यात दुसऱ्याच्या घोड्याचा लगाम घरी नेला नाही, तो म्हणे चोर. लग्नकार्यात आईला आता दाराजवळची, कमी मानाची जागा दाखवत. आणि एसेनकुल अजून त्याच तोलोमुशची चाकरी करत होता, कारण खोऱ्यात दुसरं काम नव्हतं. त्याला स्वतःचीही चीड यायची.

"कालमात चोर नव्हता, आके," तो म्हणाला. थोरल्याला आके म्हणायची रीत रागातही सुटली नाही.

"नव्हता, तर दुर्बिणीला पंख फुटले का? जाऊ दे. बघ, बघ."

ओढ्यापलीकडे नेमबाजीची फळी उभी होती. एसेनकुलने पहिली दुर्बीण तिच्यावर लावली. कागदावरची गोळ्यांची भोकं दिसली, पण प्रत्येक भोकाला जांभळी कड होती.

"ही फळीपुरती ठीक," तो म्हणाला. "सांजेला बोकड आणि दगड सारखेच दिसतील."

दुसरीतलं चित्र लख्ख होतं. पण ती सरळ नळीची. पालथं पडून वर कड्याकडे बघायचं तर मान मोडायची.

"मग ही तिसरी घे," फरहातने कोरं खोकं फोडलं. "वाकड्या नळीची. हिच्यातून सासूच्या मनातलंसुद्धा दिसतं, शपथ!"

एसेनकुल हसला नाही. त्याने तिसरी तिवईवर चढवली आणि कड्यावर फिरवली. आभाळ भरलेलं होतं, तरी खडकांवरचं पिवळं शेवाळ दिसत होतं, गिधाडाची पांढरी विष्ठा दिसत होती. तिच्या शेजारी एक माणूस बसलेला होता.

एक गुडघा उभा, एक आडवा. कानटोपीचा एकच कान वर दुमडलेला, कालमात दुमडायचा तसा. पुढ्यात तिवई, तिच्यावर दुर्बीण. तिचं भिंग सरळ अंगणाकडे रोखलेलं होतं.

एसेनकुलने डोळा नळीपासून दूर घेतला. कडा मोकळा होता. दुसरी दुर्बीण लावून पाहिली. तेच शेवाळ, तीच विष्ठा, माणूस नाही. पुन्हा तिसरी लावली. माणूस होता.

त्याने नळीवरचं कडं फिरवून चित्र लहान केलं. खडक खड्यांएवढे झाले, सगळा डोंगर एका वर्तुळात मावला. माणूस मात्र लहान झाला नाही. तो होता तेवढाच राहिला.

"फरहात, तू बघ."

फरहातने डोळा लावला. "झकास! कडा कसा आरशासारखा दिसतोय."

"आणि माणूस?"

"कसला माणूस? उपाशी आहेस का रे?"

"सरका दोघं," तोलोमुशने नमद्यावर बैठक मारली आणि डोळा टेकवला. "एक दुर्बीण घ्यायला दिवस घालवतात, नुसते..."

"कोण दिसतंय, आके?" एसेनकुलने विचारलं.

तोलोमुशच्या हनुवटीवरून घाम ओघळला. वारा तर बर्फाचा होता.

"लहान कर त्याला."

"केलंय. याहून लहान होत नाही."

"मग मोठा का होतोय? अरे, उठला तो. चालत येतोय."

एसेनकुलने कड्याकडे पाहिलं. तिथे कुणीच नव्हतं.

"दिला असता मी," तोलोमुश भिंगात बघतच पुटपुटला. "पण पाहुणा मांस मोजून घेणारा होता."

"काय दिला असता?"

"शिराल्गा."

शिकार घेऊन परतणाऱ्याला वाटेत जो भेटेल आणि हा शब्द उच्चारेल, त्याला वाटा कापून द्यायचा. वैरी असला तरी द्यायचा. या खोऱ्यात तो कुणी नाकारल्याचं एसेनकुलने कधी ऐकलं नव्हतं.

"कालमातने मागितला?" त्याचा आवाज चढला. "केव्हा?"

"त्याच संध्याकाळी. मी पाहुण्याची शिकार घेऊन परतत होतो, तो खाली उतरत होता. मी म्हटलं, नोकराला कसला शिराल्गा? उलटा फिर, उजाडेपर्यंत खाली दिसू नकोस."

"बर्फ सुरू झालं होतं?"

"झालं होतं."

"आणि दुर्बीण?"

"त्याच्या खांद्यावर होती. विकली बिकली नाही त्याने. मला ठाऊक होतं."

एवढे महिने! एवढे महिने हा माणूस आईच्या तोंडावर तिच्या पोराला चोर म्हणत होता, आणि वर चहा प्यायला घरी येत होता.

"मोठ्याने बोला," तो ओरडला. "फरहातला ऐकू द्या. रस्त्यावर ऐकू द्या!"

"कालमात चोर नव्हता!" तोलोमुश किंचाळला. कुंपणापलीकडे एक बाई बादली घेऊन थबकली. फरहातने टोपी काढून छातीशी धरली.

"हेच आईसमोर येऊन बोलायचं. आत्ता. उठा."

तोलोमुश उठेना.

एसेनकुलने संतापाने पुढच्या भिंगावर झाकण दाबून बसवलं. ते कट्‌कन बसलं.

तोलोमुशचा डोळा नळीला चिकटलेलाच होता.

"समोर येऊन उभा राहिलाय," तो हळूच म्हणाला. "हात पुढे केलाय. काहीतरी द्या रे त्याला."