दयादेवीचा ठसा

रोमच्या टांकसाळीत थाल्लुस त्या सकाळी दोन नवे ठसे घेऊन आला. सोन्याच्या नाण्याच्या एका अंगाला सम्राटाचा चेहरा, दुसऱ्या अंगाला हात पुढे केलेली दयादेवी. भाकरीसाठी ओरडणाऱ्या जमावावर याच सम्राटाने घोडेस्वार सोडले, त्याला जेमतेम महिना झाला होता. थाल्लुसची थोरली बहीण मेलिते तेव्हा टापांखाली गेली. दातओठ खात त्याने देवीला तिचाच चेहरा कोरला होता. मिरव म्हणावं आता, हिलाच पाठीशी घेऊन.

मुकादम कोस्सुसने ठसा निरखला.

"ही मेलिते ना रे? मरायचंय का तुला?"

"दया कशी दिसते मला काय ठाऊक? कधी पाहिलीच नाही."

कोस्सुसने सोन्याची तापलेली चकती ठशांमध्ये धरली, थाल्लुसने घण घातला. पहिलं नाणं झकास उतरलं. दाराशी थांबलेला शिपाई ते नमुना म्हणून राजवाड्यात घेऊन गेला.

दुसऱ्या नाण्यावर देवी पाठमोरी होती.

कोस्सुसने ठसा पाहिला. ठशात ती समोरच बघत होती.

"पुन्हा घाल..."

तिसऱ्या नाण्याची ती बाजू कोरीच निघाली. भट्टीची धग अंगावर असूनही खोलीत गारठा दाटला. कुठूनसा ओल्या मातीचा, घोड्यांच्या घामाचा वास येऊ लागला.

"उलटं कर बघू..."

थाल्लुसने नाणं उलटलं. सम्राटाच्या मानेमागे बाईची चार बोटं उमटली होती.

"वितळव ही. आत्ताच," कोस्सुस कुजबुजला.

"नाही. महिनाभर मी तोंड दाबून बसलोय. तिला काय म्हणायचंय ते म्हणू दे."

त्याने स्वतःच चकती ठेवली आणि घण हाणला. चौथ्या नाण्यावर बोटं गळ्याशी पोचली होती.

कोस्सुसने तिन्ही नाणी हिसकावून मुशीत टाकली. सोनं वितळून पाणी झालं, तशी त्याला जरा धीर आला. तेवढ्यात शिपाई परतला. चेहरा पांढराफटक.

"सम्राटांनी नाणं हातात घेतलं..." तो अडखळला. "आता मूठ उघडत नाही. आतून कुणीतरी हात धरलाय म्हणतात."

"सोडवून पाहिलंत?" थाल्लुसने विचारलं.

"पाहिलं... बोटं मोडली त्यांची. तरी सोडत नाही ती."

"ती?" कोस्सुस म्हणाला. "ती कोण?"

शिपायाने ठशातल्या देवीकडे बोट दाखवलं.