टेप थांबत नाही

संगणकाच्या पडद्यावर चित्रफीत अगदी नीट चालत होती. तीच टेपवर उतरवली, तर दोन जागी फुटत होती. सहाव्या मिनिटाला चित्राचे चौकोनी तुकडे झाले, आजीचा हात हवेत गोठला आणि पुढच्या क्षणी काम पुरंही झालेलं दिसलं. मधलं सगळं गायब! सोळाव्या मिनिटाला पुन्हा तसंच.

“असं कसं होईल, आजी? फाईल तर तीच आहे ना?” ऋताने विचारलं. घड्याळात सव्वाचार वाजले होते.

आजीने टेप मागे नेऊन तीच जागा पुन्हा बघितली.

बारा वर्षांची ऋता सुट्टीत आजीबरोबर मालवणपासून ऐंशी किलोमीटर आत, समुद्रातल्या तरंगत्या तळावर आली होती. तिची आजी, डॉ. वत्सला परुळेकर, तिथली इलेक्ट्रॉनिक्सची शास्त्रज्ञ. तळाच्या बरोबर खाली, नव्वद मीटर खोल, ‘प्रवाळ’ नावाची प्रयोगशाळा होती. तिथे ऋताचा बाबा आणि आणखी चार जण महिनाभर राहून समुद्रतळाचा अभ्यास करत होते.

त्या दिवशी सकाळी ‘प्रवाळ’मध्ये पाणी शिरलं. पाणी लगेच उपसलं गेलं, पण संगणकांचं बंद कपाट भिजून निकामी झालं आणि हवा शुद्ध करणाऱ्या यंत्रातला गाळणीचा पडदा फाटला. माणसांच्या श्वासातून बाहेर पडणारा कार्बन डायॉक्साईड हे यंत्र शोषून घेतं. ते बंद पडलं, की बंद जागेतली हवा हळूहळू विषारी होत जाते. जवळच्या राखीव रसायनावर रात्री आठपर्यंत कसंबसं भागणार होतं.

त्यांना घाईने वर आणणंही शक्य नव्हतं. एवढ्या खोलीवर जोराच्या दाबाखाली राहिल्यावर रक्तात वायू विरघळलेला असतो. सोड्याची बाटली एकदम उघडली की कसे बुडबुडे येतात, तसे माणूस एकदम वर आला, तर ते रक्तात येतात. म्हणून वर यायला चार दिवस लागतात.

खाली नवा पडदा होता, पण तो बसवायचा कसा ते कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. टेलिफोनच्या तारेवरून दोनदा सांगून झालं होतं. दोन्ही वेळा पडदा निसटला. शेवटी आजीने वरच्या तळावरचं तसंच यंत्र उघडून सगळं स्वतः करून दाखवलं, ‘नेमका’ नावाच्या यंत्रमानवाने त्याचं चित्रण केलं आणि ऋताने ते कापून-जोडून चोवीस मिनिटांची चित्रफीत तयार केली.

“मग एक फोनच पाठवू या ना खाली!” असं ऋता सकाळीच म्हणाली होती. पण खालच्या हवेत हेलियम मिसळलेला असतो. त्याचे कण इतके बारीक, की ते आजकालच्या फोनमध्ये शिरतात आणि आतला वेळेचा ठोका देणारा नाजूक भाग बंद पाडतात. फोन काही वेळातच ठप्प! खाली एकच गोष्ट धडधाकट होती, ती म्हणजे जुन्या सर्वेक्षणांच्या कॅसेट बघायला ठेवलेलं टेपयंत्र. तसलंच एक यंत्र वर होतं, आणि त्याची वायर ज्याला बसेल असा आजीचा एक जुनाट संगणक.

दारात डिसिल्वाकाका येऊन उभे राहिले. क्रेन त्यांच्या ताब्यात होती.

“परुळेकरबाई, वारा वाढतोय. पाचला मला क्रेन बांधून ठेवावीच लागेल. चार पन्नासला कॅसेट हातात पडली, तरच तिचा डबा खाली सोडता येईल.”

“पडेल,” आजी म्हणाली. पण काका गेल्यावर तिने डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसला. काळजी वाटली, की ती असं करायची.

“आहे तशीच पाठवली तर?” ऋताने विचारलं.

“सहाव्या मिनिटाला मी पडदा उलटवते आहे. कुठली बाजू वर, तेच नेमकं दिसत नाही. उलटा बसला, तर रसायनाची पूड श्वासातून त्यांच्या छातीत जाईल.”

ऋताने मनातल्या मनात आकडे पुन्हा म्हटले. सहा आणि सोळा. सहा आणि सोळा. मध्ये दहा मिनिटं.

“आजी! दर दहा मिनिटांनी काहीतरी होतंय!”

कोपऱ्यातून नेमका शांतपणे म्हणाला, “दर दहा मिनिटांनी मी लाटांची उंची नोंदवतो.”

“कुठे नोंदवतोस?”

“या संगणकाच्या तबकडीवर.”

आजीने कपाळावर हात मारला. “अगं, या जुन्या संगणकात माहिती फिरत्या तबकडीवर असते. ती वाचायला आणि लिहायला एकच काटा. तो नेमकाची नोंद लिहायला गेला, की तुझं चित्र वाचायला कुणीच नाही!”

“मग संगणकाच्या पडद्यावर का नाही फुटलं?”

“पडद्याला थांबता येतं. पुढचं चित्र यायला उशीर झाला, तर तो आधीचंच क्षणभर जास्त दाखवतो. आपल्या डोळ्यांना कळतही नाही. टेप थांबत नाही. मोटर तिला एकाच वेगाने ओढत असते आणि दर सेकंदाला पंचवीस फ्रेम (एकेक स्थिर चित्र) मागत असते. वेळेवर फ्रेम मिळाली नाही, की ती जागा बिघडलेलीच पुढे सरकते.”

“मग करायचं काय?”

“आपल्या घरी नळाला पाणी किती वेळ येतं?”

“सकाळी अर्धा तास. पण आजी, आत्ता...”

“आणि स्वयंपाकघरात दिवसभर कसं असतं?”

“टाकी भरून ठेवतो म्हणून,” ऋता म्हणाली आणि थबकली. “म्हणजे चित्रांचीही टाकी?”

“तिला बफर म्हणतात (मधला तात्पुरता साठा). संगणक चित्रं धक्क्याधक्क्याने देतो. ती आधी टाकीत पडतात आणि टाकीतून टेपला संथ, सारखी मिळतात. आपली टाकी रिकामीच राहत होती, कारण तुझी चित्रफीत दोनशे तुकड्यांची आहे. काटा ते तुकडे तबकडीभर शोधत पळतो. त्यातच तो नोंदी लिहायला गेला, की टाकी कोरडी.”

उपाय दोघींना एकदमच दिसला. आधी रेंडरिंग करायचं (सगळे तुकडे जोडून एकच सलग फाईल बनवायची), मग टाकी काठोकाठ भरायची आणि त्यानंतरच टेप सुरू करायची. पण रेंडरिंगला चित्रफितीच्या निम्मा वेळ लागायचा. ऋताने हिशेब केला. बारा अधिक चोवीस, छत्तीस मिनिटं. हातात होती तेहतीस.

“कापावं लागेल,” ती म्हणाली.

“कापशील?”

शेवटची उजळणी चार मिनिटांची होती. तिने ती काढली. सुरुवातीला दोन मिनिटं ती स्वतः होती, कॅमेऱ्यात बघून म्हणत होती, “बाबा, घाबरू नकोस, मी इथेच आहे.” ते तिने तीनदा चित्रित केलं होतं. तिचं बोट कळीवर अडखळलं. मग तिने तेही पुसून टाकलं. उरली अठरा मिनिटं.

“नेमका, आता लाटांच्या नोंदी बंद,” आजी म्हणाली.

“नोंद थांबवणं माझ्या नियमात बसत नाही.”

“मग तुझ्याच स्मृतीत ठेव आणि अर्ध्या तासाने इथे लिही!” ऋता ओरडली.

नेमकाच्या डोळ्यातला दिवा दोनदा लुकलुकला. “माझ्या स्मृतीत शंभर नोंदी मावतात. हे नियमात बसतं.”

चार अठरा. रेंडरिंग सुरू झालं. नऊ मिनिटं दोघी एका रांगणाऱ्या हिरव्या पट्टीकडे बघत बसल्या. बाहेर वाऱ्याने साखळदंड खणखणायला लागले होते.

चार सत्तावीसला रेंडरिंग संपलं आणि बफरचा आकडा शंभर टक्क्यांवर पोहोचला. ऋताने कळ दाबली. टेप फिरू लागली.

आकडा शंभर. अठ्ठ्याण्णव. शंभर. सहावं मिनिट गेलं. चित्र स्वच्छ होतं. आठवं गेलं, दहावं गेलं.

अकराव्या मिनिटाला एक प्रचंड लाट तळावर आदळली. टेबल तिरकं झालं, चहाचा कप खाली फुटला आणि संगणकातून खट् असा आवाज आला.

“काटा थांबला!” आजी ओरडली. “धक्का बसला की तबकडीवर ओरखडा पडू नये म्हणून तो आपोआप बाजूला होतो.”

आता संगणक काहीच वाचत नव्हता, आणि टेप फिरतच होती. आकडा घसरू लागला. ऐंशी. साठ. पंचेचाळीस.

ऋताने दोन्ही हातांनी संगणक घट्ट धरून ठेवला. तीस. एकवीस. चौदा.

खट्.

तबकडीचा घरघर आवाज पुन्हा सुरू झाला. आकडा चौदावर थरथरला, मग सोळा झाला, मग तीस, मग सत्तर. चित्रात आजीची बोटं कुठेही न अडखळता स्क्रू फिरवत होती.

ऋताने हात सोडले, तेव्हा बोटांवर कडांचे वळ उठले होते. टाकीत पाणी होतं म्हणून नळ चालू राहिला, हे तिला आता कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

चार पंचेचाळीसला टेप पूर्ण झाली. मागे नेऊन त्यांनी पडदा उलटवायची जागा तेवढी तपासली. निळी बाजू वर, अगदी स्पष्ट. ऋता कॅसेट छातीशी धरून ओल्या जिन्यावरून धावत सुटली. डिसिल्वाकाकांनी ती जलरोधक डब्यात ठेवली, झाकण आवळलं आणि क्रेनची तार पाण्यात उतरायला लागली.

“चार एकोणपन्नास,” काका म्हणाले. “आता तुझी आजी श्वास घेऊ शकते.”

पण श्वास कुणीच मोकळेपणाने घेतला नाही. तासभर टेलिफोन गप्प होता. खाली टेप बघणार, थांबवणार, मागे नेणार, पुन्हा बघणार. सहा वाजायला आले. आजी टेलिफोनसमोर ताठ बसून होती आणि ऋताने तिचा हात धरला होता.

घंटी वाजली.

हेलियममुळे बाबाचा आवाज चिमणीसारखा चिरका येत होता. एरवी ऋता हसली असती.

“आई, पडदा बसला! निळी बाजू वर! यंत्र चालू केलंय. कार्बन डायॉक्साईडचा काटा उतरायला लागलाय.”

आजीने रिसीव्हर ऋतापुढे धरला. ऋताने विचारलं, “बाबा, चित्र कुठे फुटलं का?”

“एकदाही नाही गं. का?”

“काही नाही,” ऋता म्हणाली आणि मग तिला रडूच कोसळलं.

चौथ्या दिवशी पाचही जण वर आले. त्या दुपारी ऋता आजीच्या टेबलाशी कागद घेऊन बसली होती. मंगळाभोवती फिरणाऱ्या यानांना संदेश कसे तुटक तुटक मिळतात, ते आजीने तिला आदल्या दिवशी सांगितलं होतं. मध्येच सूर्य आडवा आला, की दोन-दोन आठवडे काहीच नाही.

“आजी, लाट आली तेव्हा काटा सहा सेकंद थांबला होता ना? त्याला ती टाकी पुरली,” ती म्हणाली. “मग दोन आठवड्यांसाठी केवढी टाकी लागेल?”

आजीने खुर्ची जवळ ओढली. “आधी हे सांग, दर सेकंदाला किती माहिती लागणार?”

ऋताने पेन्सिलीला टोक काढलं आणि पहिला आकडा लिहिला.