चिमणाबाई सदनाचे तुकडे

"आपा, दारावर लाल नोटीस लावल्या! पंधरा दिसांत घरं मोकळी करा म्हणं. आता ह्या वयात मी कुठं जातो, सांगा की!"

फोनवर आक्का होत्या. चिमणाबाई सदनाच्या पहिल्या मजल्यावर त्यांचा सगळा संसार झाला होता. शमशादआपा तेव्हा शिरोळच्या एका साइटवर उन्हात उभ्या होत्या.

"कुणीही कुठं जायचं नाही. चहा टाका, मी पोचतेच," एवढं बोलून त्या गाडीत बसल्या.

राजारामपुरीतलं चिमणाबाई सदन म्हणजे 'शिंत्रे-बागवान' या पेढीची पहिली इमारत. सयाजी शिंत्रे आणि बादशहा बागवान या दोन मित्रांनी शिंप्याच्या दुकानात एक टेबल मागून घेतलं आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरिंगची पेढी काढली. आकडेमोड सयाजींची, साइट बादशहाभाईंची. पहिल्या इमारतीला सयाजींच्या आईचं नाव दिलं आणि तळमजल्यावर स्वतःचंच ऑफिस थाटलं. स्लॅबखालचे टेकू काढायच्या दिवशी बादशहाभाई खाली खुर्ची टाकून बसायचे. "मला भ्या न्हाय, मग तुम्हाला कशाला?" म्हणायचे. पुढं टाक्या झाल्या, पूल झाले, शाळा झाल्या. पुराचं पाणी चढलं आणि उतरलं, पण पेढीचं एकही काम खचलं नाही. बादशहाभाई गेले, सयाजी थकले. आता पेढी बादशहाभाईंची लेक शमशादआपा आणि सयाजींचा नातू राजवीर चालवत होते.

अशा इमारतीचं काँक्रीट भुसभुशीत निघालं म्हणे! आपांच्या अंगाचा तिळपापड झाला. पण बापाच्या कामाकडे बोट दाखवलं की कुठलीही लेक चिडते, हेही त्यांना कळत होतं. आधी बघायचं, मग भांडायचं, असं त्यांनी स्वतःला बजावलं.

ऑफिसच्या दारातच राजवीर भेटला. तिशीतला, हुशार, नेहमी घाईत.

"आपा, लॅबचा निकाल आलाय. कॉलममधून कापून काढलेले नमुने, सगळे कोअर नापास. आता भावना बाजूला ठेवा. जुनी इमारत आहे, जायचीच."

"तुझ्या पणजीचं नाव आहे तिला."

"नावानं इमारत उभी राहत नाही, आपा."

आपा वळल्या. त्या जिन्याखाली गेल्या. तिथल्या कॉलममध्ये तपासणीसाठी पाडलेलं गोल भोक अजून उघडंच होतं. त्यांनी मोबाइलचा उजेड आत धरला आणि बोटानं चाचपलं. वाळूचे दाणे गुळगुळीत, गोल. मधेच एक एवढासा शिंपल्याचा पांढरा तुकडा. भोकाच्या कडेला नखानं खरवडलं तर नखच तुटलं.

मागच्या परसात आक्का चहा घेऊन उभ्या होत्या आणि त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू होता.

"ही मोरी बघा! राखाडी चिखलानं तुंबल्या. कोण सिमेंट धुऊन गेलंय कुणास ठाऊक. आणि माझा मोगरा! सावलीतल्या कुंड्या उचलून कुणी ह्या धोंड्यावर ठेवल्या? करपला की समदा!"

तो धोंडा म्हणजे आपांचीच करणी. शिरोळच्या एका ठेकेदाराचं नवंकोरं, पण निकृष्ट काम त्यांनी फोडायला लावलं होतं आणि त्यातला पाटाएवढा ठोकळा परसात आणून ठेवला होता. पेढीत नवा इंजिनिअर आला की आपा त्याला परसात नेऊन सांगायच्या, "हे बघ. ह्याला आपल्यात माती म्हणतात."

आपांनी चहा संपवला आणि पालिका गाठली.

पालिकेच्या अभियंता क्रांती मगदूम सरळ बाई होत्या. जुन्या इमारतींच्या तपासणीत निकाल नापास आला म्हणून त्यांनी नोटीस काढली होती, त्यात त्यांचं काही चुकलं नव्हतं.

"तपासणी झाली त्या मंगळवारी मी शिरोळला होते. इथं काय काय झालं?" आपांनी विचारलं.

"ड्रिलवाल्या अझहरनं कोअर कापायचं मशीन लावलं. सकाळी त्याला मोठ्या मापाचं बिट होतं, ते पहिल्याच कॉलमला सळीत अडकून मोडलं. जेवणानंतर त्यानं लहान बिट लावलं आणि त्यानंच सगळे कोअर काढले."

"लहान बिट लावायचं आधी ठरलं होतं?"

"छे! कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं."

"तेव्हा हजर कोण?"

"मी, अझहर आणि राजवीर. ही जागा मागणारे बिल्डर ऋतुराज खराडे सकाळी डोकावून गेले, पण बिट मोडायच्या आधीच."

"मग कोअर?"

"राजवीरनं त्यांच्यावर नंबर टाकले. लॅब बंद झाली होती, म्हणून पेटी तुमच्या ऑफिसात ठेवली. बुधवारी त्यानंच ती लॅबला पोचवली."

लॅबमध्ये दाबून फोडलेले तुकडे एका पोत्यात भरून ठेवले होते. आपांनी एक उचलून अंगठ्यानं चोळला. वाळू काळी, टोकदार. अंगठ्याला टोचत होती. मग त्यांनी टेप मागून घेतला आणि त्या गोल तुकड्याची रुंदी मोजली. लहान बिटाचीच होती. त्यांनी एक तुकडा रुमालात बांधून घेतला.

तोवर राजारामपुरीत बोलवा उठली होती की अझहरनंच काहीतरी घोळ घातला. गरिबाच्या माथी खापर फोडायला लोकांना वेळ लागत नाही. आपांनी त्याला फोन लावला.

"अझहर, कुठं आहेस?"

"आजऱ्याला, आपा. मेव्हणीचं लग्न हाय की. मंगळवारी काम संपल्यावर तुमच्या ऑफिसातनं निघालो, ते थेट एसटीत बसून गेलतो."

"एकटाच?"

"एकटा कुठला! सासरे स्टँडवर न्यायला आलते. तवापासनं एक मिनिट सोडलं न्हाय, सगळी कामं माझ्याच गळ्यात!"

"मशीन?"

"तुमच्या ऑफिसातच की. राजवीरदादा म्हणाले, राहू दे, सांभाळतो."

दुपारी ऋतुराज खराडे स्वतःच ऑफिसात आले. पांढरा शर्ट, गोड बोलणं.

"आपा, मी कुणावर जबरदस्ती केली न्हाय. जागा मोकळी झाली की टॉवर बांधणार, सगळ्यांना नवे फ्लॅट देणार."

"आणि तोवर आक्कांनी कुठं राहायचं?"

"बघू की काहीतरी."

"टॉवरचं डिझाइन झालंय?"

"झालंय तर! आमचा एक तरुण इंजिनिअर हाय, लई हुशार. पहिलंच मोठं काम त्याचं. नाव योग्य वेळी कळंल."

ते गेल्यावर आपा परसात आल्या. त्यांनी मोगऱ्याची एक कुंडी उचलली, खाली पाहिलं आणि कुंडी परत होती तशी ठेवली. मग त्या पायरीवर बसल्या. गुन्हेगार सापडला की आनंद व्हायला हवा. आपांना मात्र रडू फुटायचं तेवढं बाकी होतं, कारण ज्याला त्यांनी स्कूटरवर पुढं उभं करून साइटी दाखवल्या होत्या, त्याचं नाव त्यांना आता सगळ्यांसमोर घ्यायचं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळे भाडेकरू परसात जमले. क्रांतीबाई आल्या, ऋतुराज आले. अझहर आजऱ्याहून परतला होता. सयाजीकाकांना खुर्चीत बसवून आणलं होतं. राजवीर भिंतीला टेकून उभा होता.

"सामान बांधायचं का न्हाय, तेवढं सांगा," आक्का म्हणाल्या.

"नाही बांधायचं," आपा म्हणाल्या. "लॅबमध्ये नापास झालं ते काँक्रीट या इमारतीचं नव्हतंच."

एकच गलका झाला. आपांनी रुमालातला तुकडा काढून क्रांतीबाईंच्या हातात दिला.

"ही वाळू बघा. काळी, टोकदार. ही क्रशरमध्ये खडी फोडून केलेली वाळू. चिमणाबाई सदन उभं राहिलं तेव्हा कोल्हापुरात ती कुणी बघितलीही नव्हती. आमचं सगळं काम नदीच्या वाळूचं. जिन्याखालच्या भोकात बोट घाला. दाणा गोल लागेल, शिंपलाही दिसेल. एकाच कॉलममध्ये दोन जन्मांच्या वाळू कशा असतील?"

क्रांतीबाई उठून जिन्याखाली जाऊन आल्या. "खरंय," त्या म्हणाल्या. "पण मग बदलले कुणी?"

"आधी मला ऋतुराजांचा संशय आला. त्यांना जागा हवी होती."

"अहो आपा..."

"थांबा, तुम्ही नाही. बाहेरच्या कुणी खोटे कोअर आधी करून ठेवले असते, तर ते मोठ्या बिटाच्या मापाचे असते. ठरलं तेच होतं. पण लॅबमधले तुकडे लहान मापाचे निघाले. म्हणजे बिट मोडल्यानंतर ते कापले. हे ठाऊक होतं तिघांना. क्रांतीबाई तिथूनच घरी गेल्या, आमच्या ऑफिसची किल्ली त्यांच्याकडे नव्हती. अझहर लग्नघरी होता, सगळं वऱ्हाड साक्षीला आहे."

आपा आक्कांकडे वळल्या.

"कोअर कापायला पाणी लागतं आणि राखाडी गाळ होतो. आक्का, तुमची मोरी त्यानंच तुंबली. म्हणजे कापले ते इथंच. आणि कशातून कापले, ते तुमच्या मोगऱ्यानं झाकलंय."

आपांनी कुंड्या बाजूला केल्या. धोंड्याला ओळीनं गोल भोकं पडली होती.

"मीच नापास केलेलं काँक्रीट! माझ्या बापाच्या नावावर खपवलं! राजवीर, कुंपणानंच शेत खाल्लं रे."

राजवीर भिंतीपासून पुढं सरकला. मग तो उसळून बोलला.

"हो, मी केलं! किती वर्षं आजोबांच्या इमारतींच्या भेगा बुजवत बसू? मला काहीतरी माझं उभं करायचं होतं. टॉवरचं डिझाइन माझं आहे. तुम्ही इमारत कधीच धोकादायक ठरवली नसती!"

"नव्हतीच, तर कशी ठरवणार? तुला उभं करायचं होतं ना? अख्खा कोल्हापूर जिल्हा पडलाय. आक्कांना बेघर कशाला करायचं?"

"खरे कोअर कुठं आहेत?" क्रांतीबाईंनी विचारलं.

"रंकाळ्यात टाकले."

ऋतुराज उठले. "मला ह्यातलं काही ठाऊक न्हवतं हां. पण आपा, विचार करा. उद्या पेपरात येईल, शिंत्रे-बागवानच्या माणसानंच नमुने बदलले. पन्नास वर्षांचं नाव मातीत जाईल. मिटवून टाकू की आपसात."

"येऊ द्या पेपरात! मीच बोलावते त्यांना, फोटोही देते. आमचं नाव राखायला मी ह्या माणसांना रस्त्यावर काढू होय? नाव गेलं तर पुन्हा शिंप्याच्या दुकानात टेबल मागीन. क्रांतीबाई, पुन्हा तपासणी करा. तुम्ही बोट ठेवाल त्या कॉलमची."

राजवीर आजोबांच्या पायाशी बसला. सयाजीकाका इतका वेळ खाली मान घालून ऐकत होते. त्यांनी मान वर केली.

"मशीन कुठं हाय?"

"ऑफिसात, आजोबा."

"आण. बिट चढव. बाई दावतील तिथं लाव."

"आजोबा, अझहर आलाय, तो..."

"तूच लावायचं! ज्या हातानं केलंस त्याच हातानं."

क्रांतीबाईंनी दर्शनी कॉलम दाखवला. राजवीरनं मशीन लावलं. अझहर पाण्याची नळी धरून उभा राहिला. बिट गरगरू लागलं, पण आत शिरायलाच तयार होईना. राजवीरनं अंगाचा भार घातला, घामानं त्याचा शर्ट भिजला. अखेर कोअर निघाला, अख्खा, कुठंही चीर नसलेला. क्रांतीबाईंनी तो स्वतःच्या हातात घेतला आणि त्यावर तिथंच सही केली.

"लॅबला मी स्वतः नेणार. नवा निकाल येईपर्यंत नोटीस थांबवते आहे. आणि राजवीर, तुमच्याविरुद्ध तक्रार मला द्यावीच लागेल."

"द्या," आपा म्हणाल्या. "साक्षीदार म्हणून माझं नाव घाला."

आक्कांनी पदरानं डोळे पुसले आणि जाऊन नोटीस टराटरा फाडली. तसं करायला परवानगी होती की नाही, ते कुणी विचारलं नाही.

राजवीर मशीनला टेकून उभा होता. "आजोबा, चुकलो."

"व्हय, चुकलास," सयाजीकाका म्हणाले. त्यांचा आवाज फुटला, पण नजर हलली नाही. "आता उरलेले कॉलम घे. शिंत्रे-बागवानातलं हे तुझं शेवटचं काम हाय. नीट कर."

राजवीरनं डोळे पुसले आणि मशीन पुढच्या कॉलमकडे ओढत नेलं.