दारातला तिसरा टँकर

मनस्विनीला या व्यवहारात पुणं मिळणार होतं. मोठं ऑफिस, मोठा हुद्दा आणि दर रविवारी आई दाखवत असलेल्या स्थळांपासून सुटका. बदल्यात तिनं एवढंच केलं होतं : टँकरची बुकिंगं घेणारा कंपनीचा प्रोग्रॅम ज्या कंटेनरमध्ये, म्हणजे सर्व्हरवरच्या राखीव कप्प्यात, चालायचा, त्याची मेमरी निम्म्यावर आणली. सर्व्हरचं भाडं घटलं, तिचे साहेब श्रीधर सर खूश. शिवाय कंटेनरला तिनं सांगून ठेवलं होतं – कोसळलास तर लगेच उठायचं, कितीही वेळा, कुणाला न विचारता. पावसाळाभर सगळं छान चाललं. पावसाळ्यात टँकर मागतो कोण?

चैत्रात नळाला आठवड्यानं पाणी येऊ लागलं. अशा एका सकाळी तिच्या चिकलठाण्यातल्या सोसायटीपुढं टँकर थांबला आणि त्यातून उतरलेल्या तरुणानं विचारलं, "ताई, पाणी कुठं सोडू?"

"ताई?" मनस्विनी फटकन म्हणाली. का म्हणाली, ते तिचं तिलाही कळलं नाही.

"मग… मॅडम?"

"काहीच नको. आम्ही एक टँकर सांगितला होता. तो काल आला, मग दुसरा आला, आणि आता तुम्ही!"

"अन् माझ्या मागं वळणावर अजून दोन हायेत. लई पाणी पिता का हो तुम्ही?" त्यानं मोबाइल पुढं केला. "मी इंद्रजीत, कन्नडचा. गाड्या माझ्याच. ड्रायव्हर आला नाय म्हणून आज मी बसलो. बघा, पत्ता तुमचाच हाय."

तिला हसू येत होतं, ते तिथंच थिजलं. बुकिंग नंबर कालचाच होता.

ती धावत वर गेली आणि तिनं लॅपटॉप उघडला. कंटेनर कालपासून मरत होता, उठत होता, मरत होता, उठत होता. उन्हाळ्यात लांबलेली बुकिंगची यादी निम्म्या मेमरीत मावेना. पहिलं बुकिंग मोकळ्या टँकरला धाडलं की त्याचा जीव जायचा, 'झालं' अशी खूण करायच्या आतच. आणि उठल्यावर तेच पहिलं बुकिंग तो पुढच्या टँकरला धाडायचा. उठायचा इतक्या चटकन, की पडलेला कुणाला दिसलाच नाही.

पहिलं बुकिंग तिच्या आईचं होतं.

"हे पाणी खरं कुणाचं?" तिनं खाली येऊन विचारलं.

"बजाजनगरच्या एका गल्लीचं. कालपासून फोन करायलेत बिचारे."

लॅपटॉप मांडीवर घेऊन ती त्याच्या शेजारी चढली. वाटेत, गचके खात, तिनं त्याला सगळं सांगितलं. पुण्याचंही.

"आता काय करायलात?"

"मेमरी वाढवतेय. आणि यापुढं तीनदाच उठू देणार. मग गप पडून राहील, मला मेसेज करील."

"तीनदाच? आमच्याकडं पोरगं पोरीला चहाला विचारायला बी याहून जास्त वेळा उठतं."

"आणि पडतं?"

"काय म्हाईत… मी अजून विचारलंच नाय."

तिनं मान वर केली नाही. कान मात्र लाल झाले होते.

बजाजनगरला भामाबाई नावाची म्हातारी रिकामी कळशी घेऊन पुढं आली. "आता आलाव व्हय? बोअरचं गढूळ पाजलं नातवाला. सलाइन लावलंय त्येला."

इंद्रजीतनं मनस्विनीला बाजूला घेतलं. "साहेबाला सांगा, ड्रायव्हरांनी पत्ता चुकवला. शिव्या खायची सवय हाय आम्हाला."

"तुमचं काम काढून घेतील!"

"नाय तर तुमचं पुणं जाईल."

आज सकाळी भेटलेला माणूस… तिनं त्याच्यासमोरच फोन लावला. "सर, चूक ड्रायव्हरांची नाही. माझी आहे."

पलीकडून सर म्हणाले, "पुण्याचं राहू दे आता, मनस्विनी."

उन्हाळाभर कंटेनर क्वचित पडला. इंद्रजीतचा फोन मात्र रोज आला.

"आज पडला का हो?"

"नाही. पडला नसताना कशाला विचारता?"

"तुम्ही पहिल्याच रिंगला उचलता म्हणून."

ती हळूच म्हणाली – "आणि पुण्याहून पुन्हा बोलावलं तर?"

"जा म्हणवणार नाय… थांबा म्हणायचा हक्क नाय. मला तुम्ही लई आवडता, एवढंच."

"मग घरी या. हक्क आईकडं मागावा लागेल."

इंद्रजीतची मागणी ऐकून आई सोफ्यावर बसली ती उठेचना. "अगं, मी टँकर सांगितला होता, जावई नाही!"

तर हिशेब असा. मनस्विनीचं पुणं गेलं आणि माणूस आला; ती फायद्यात. इंद्रजीतचं डिझेल जळलं, तोही फायद्यात. श्रीधर सरांच्या सर्व्हरचं वाढलेलं भाडं गिऱ्हाइकांनी भरलं. भामाबाईचा नातू बरा झाला. पण त्याच्या उशाशी बसून राहिलेल्या तिच्या लेकाची कंत्राटी नोकरी गेली, ती कुणी परत दिली नाही. लग्नाचं बोलावणं द्यायला दोघं जोडीनं तिच्या दारात गेली होती. भामाबाईनं पत्रिका घेतली, पाणीही दिलं.

लग्नाला ती आली नाही.