खटक्याची ग्वाही

कराडच्या त्या बालरुग्णालयात नवा डेस्कटॉप जोडून आठवडा झाला, तरी पडदा काळाच होता. मशीनचे पंखे फिरत होते, दिवे लागत होते. टेबलावर जोडणीचे आवाज ऐकून तपासणारा, सुपारीएवढा श्रवणक ठेवलेला होता आणि विचारलं की तो मंजूळ आवाजात सांगत होता, "चोवीसपैकी चोवीस जोडण्या पक्क्या."

यामिनी धायगुडे दारातच थांबल्या. त्यांची एकतीस वर्षं कॉम्प्युटर जोडण्यात गेली होती. निवृत्तीनंतरही, अडलं की रुग्णालय त्यांनाच बोलवायचं. त्यांनी आधी श्रवणकाकडे आणि मग कंपनीच्या इंजिनीअरकडे, पराग नलवडेकडे पाहिलं. दोघांकडे सारख्याच नजरेनं.

"हा काय म्हणतो ते ऐकलं. तुम्ही काय तपासलंत?"

"मॅडम, प्रत्येक प्लग बसतानाचा खटका यानं ऐकलाय. बोर्डच खराब आहे. तिसरा मागवतोय."

"म्हणजे दोन चांगले बोर्ड परत धाडलेत. शाब्बास."

श्रवणक आल्यापासून जोडणीला हात लावून पाहायची पद्धतच उठली होती. प्लगची खिट्टी अडकली की खटका होणार, तो ऐकला की काम झालं. तेव्हा त्यांच्या जुन्या वर्कशॉपनं यामिनीबाईंना विनवलं होतं, की नव्या लोकांना हाताची परीक्षा शिकवा. असल्या ठोंब्यांवर वेळ घालवणार नाही, असं सुनावून त्या घरी बसल्या होत्या.

त्यांनी मशीन बंद करून भिंतीतला प्लग काढला. मॉनिटरची वायर पाहिली. मेमरीच्या पट्ट्या दाबल्या, बसलेल्या होत्या. मग प्रोसेसरला वीज देणारा आठ पिनांचा प्लग दोन बोटांत धरला. खिट्टी न दाबताच तो अलगद हातात आला.

"हा पक्का?"

त्यांनी तोच प्लग परत खोचला. खटका झाला. "पक्की," श्रवणक म्हणाला. बाईंनी अंगठ्यानं जोर दिला, तसा प्लग आणखी दोन मिलिमीटर आत गेला, आवाज न करता. मशीन सुरू केल्यावर पडदा उजळला.

भिंग लावून त्यांनी एक सुटा प्लग पाहिला. खिट्टीखाली पत्र्याची बारीक पाती होती. प्लग अर्ध्यात आला की ती वाजायची.

"तुमचा कान फक्त खटका ऐकतो, हे प्लगवाल्यांना कळलं," त्या म्हणाल्या. "त्यांनी खटकाच बनवून विकला. आणि तुम्ही डिग्र्या घेऊन तो ऐकत बसलात."

"हेच प्लग सगळीकडे आहेत, मॅडम," पराग हळू म्हणाला. "बाळांच्या काचपेट्यांनासुद्धा. मीच बसवल्यात."

शिरसाट सिस्टर पडद्यावर काय दिसतंय ते पाहायला आल्या होत्या. त्या जागीच थबकल्या. "तीन नंबरच्या पेटीतलं बाळ सारखं गार पडतंय. पेटी मात्र ठीक असल्याचं दाखवते."

तिघंही काचपेट्यांच्या खोलीत गेली. सिस्टरनी बाळाला उचलून शेजारच्या पेटीत ठेवलं. यामिनीबाईंनी तीन नंबरची पेटी बंद करून मागचं झाकण उघडलं आणि हीटरच्या प्लगवर अंगठा ठेवला. प्लग आत सरकला. कुजकं काहीतरी बोलायला उघडलेलं तोंड त्यांनी मिटलं. परागचा हात धरून त्यांनी त्याचा अंगठा चार नंबरच्या प्लगवर टेकवला.

"दाबा. पुढं जायचं थांबेपर्यंत. हे कळायला हवं होतं तुम्हाला. मी शिकवायला हवं होतं."

तो एकेक पेटी तपासत निघाला. शिरसाट सिस्टर मात्र तीन नंबरपाशीच उभ्या होत्या.

"गेल्या महिन्यात यात अजून एक बाळ होतं," त्या म्हणाल्या. "त्याच्या आईला आम्ही सांगितलं, की बाळच कमजोर होतं. ती शुक्रवारी मृत्यूचा दाखला न्यायला येणार आहे. तिला आता काय सांगू, बाई?"